फिश टँक गळतोय? नवशिक्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

(चित्रं भिजल्यामुळे या आवृत्तीत वगळली आहेत.)

ही पुस्तिका कोणासाठी

ज्यांच्या हॉलमध्ये काचेचा फिश टँक आहे, तो लाकडी दिसणाऱ्या एका कपाटावर ठेवलेला आहे आणि ज्यांचा पाय आज सकाळी त्या कपाटापाशी ओल्या लादीवर पडला, त्यांच्यासाठी. ज्यांचा टँक अजून कोरडा आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही. फक्त वाचून झाल्यावर त्यांनी एकदा खाली वाकून कपाटाच्या मागच्या बाजूनं हात फिरवावा.

इथे टँक म्हणजे तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच, असं धरलं आहे. टीव्हीपासून भिंतीपर्यंत जी जागा उरते ती साधारण एवढीच असते. या मापात काठोकाठ १२७ लिटर पाणी मावतं. काच, रंगीत खडे आणि झाकण उघडून बुडबुडे सोडणारी ती खजिन्याची पेटी धरून सगळा ऐवज १६५ किलोच्या घरात जातो. टँक घेताना आपण माशांचे रंग बघतो, काच किती मिलीमीटरची ते विचारतो, दिवा निळा हवा की पांढरा यावर घरात मतदान घेतो. खालचं कपाट दुकानदार ‘त्यातच देऊन टाकतो’. ते देऊन टाकलेलं कपाट पुढे काय काय परत मागतं, हा या पुस्तिकेचा खरा विषय आहे. पण नवशिक्यांना तो सातव्या पायरीपर्यंत पटत नाही, म्हणून आपणही क्रमानंच जाऊ.

साहित्य

- साबण न लागलेल्या दोन बादल्या. अशी बादली घरात नसते. नवी आणावी.
- मासे ठेवायला मोठा टब किंवा धान्याचं रिकामं पिंप, आणि त्यावर टाकायला जाळी.
- दोन मीटर पारदर्शक नळी.
- वर्तमानपत्रांची रद्दी, भरपूर.
- दाढीची ब्लेड, अ‍ॅसिटोन, मास्किंग टेप, टिश्यू पेपर.
- टँकसाठीच्या सिलिकॉनची ट्यूब आणि ती दाबायची गन.
- गवंड्याकडची पाणसळ. नसेल तर पट्टी चालेल.
- टोकदार स्क्रूड्रायव्हर. याचा उपयोग ऐकून वाईट वाटेल, म्हणून आत्ताच सांगत नाही.
- सल्ला देणारा एक मेव्हणा. हा आणावा लागत नाही.

पायरी पहिली: गळती नाकारा

ओल दिसताक्षणी धावपळ करणं हे नवखेपणाचं लक्षण आहे. मुरलेला माणूस आधी ही गळती नाहीच, असं सिद्ध करायला बसतो. कामाच्या मावशी आठवडाभर सांगत असतात, “ताई, इथली लादी किती पुसली तरी ओलीच राहते बघा.” तिकडे दुर्लक्ष करावं. मग स्पष्टीकरणं या क्रमानं मांडावीत: कुणाची तरी पाण्याची बाटली सांडली असेल, छत्री टेकवून ठेवली असेल, हवाच दमट आहे. शेवटचं स्पष्टीकरण एप्रिलमध्ये पुण्यात देऊ नये.

मात्र नाकारायचंच असेल तर नीट नाकारावं, कारण टँकखाली सापडलेलं प्रत्येक पाणी काचेच्या सांध्यातून आलेलं नसतं. पहिला संशयित म्हणजे बुडबुड्यांचा पंप. दिसू नये म्हणून तो खालच्या कपाटात ठेवलेला असतो. लाइट गेली की पंप थांबतो, नळीतून पाणी उलटं खाली येतं आणि पंपातून ठिबकू लागतं. लाइट आली की पंप पुन्हा सुरू होतो आणि पुरावा नाहीसा होतो. उपाय दोन: पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा, किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा. हा व्हॉल्व्ह अंगठ्याएवढा आणि स्वस्त असतो, म्हणूनच कुणी घेत नाही.

दुसरा संशयित म्हणजे फिल्टरच्या नळ्यांचे जोड. तिसरा वायर: टँकमधून निघालेली वायर सरळ खाली उतरत असेल तर तिच्या अंगावरून थेंब घरंगळत थेट सॉकेटपर्यंत पोचतो. वायरला सॉकेटच्या खाली जाईल असा झोळ दिला की थेंब तिथूनच जमिनीवर पडतो. चौथा संशयित प्रत्यक्ष मासा. ऑस्कर पाळला असेल तर जेवणाच्या वेळी तो अर्धा पेला पाणी सहज बाहेर उडवतो आणि आपल्याला काहीच माहीत नसल्यासारखा बघतो.

हे सगळे निर्दोष सुटले तर बादलीची परीक्षा घ्यावी. टँकशेजारी पाण्यानं भरलेली बादली ठेवायची, दोन्हींवर पातळीची खूण करायची आणि दोन दिवस पंखा नेहमीसारखा चालू द्यायचा. दोन्हींची पातळी जवळपास सारखी उतरली तर पाणी हवेत गेलं. टँकची बरीच जास्त उतरली तर ते तुमच्या घरात कुठेतरी आहे. सेकंदाला एक थेंब म्हणजे काहीच नाही, असं वाटतं; पण वीस थेंबांचा एक मिलीलीटर धरला तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं आणि आपल्या टँकची पातळी दीड सेंटिमीटर खाली येते. एवढं झाल्यावर नाकारणं थांबवावं.

पायरी दुसरी: आधी बटण

कपाटाचं दार उघडा. तळाला एक एक्स्टेंशन बोर्ड दिसेल. फिल्टर, पंप, दिवा, हीटर आणि कुणाचा तरी विसरलेला मोबाइल चार्जर, सगळे त्यात खोचलेले असतील. टँकमधून गळलेलं पाणी जिथे जमतं, बरोबर तिथेच हा बोर्ड ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याला हात लावू नका. मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा. या पायरीत विनोद नाही.

हीटर लावला असेल तर बंद केल्यावर पंधरा मिनिटं पाण्यातच राहू द्या. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की त्याची काच तडकते, आणि आज एका वेळी एकच काच पुरे.

पायरी तिसरी: पाणी उतरवा, मासे हलवा

टँकमधलं पाणी समोरच्या काचेला आतून रेटत असतं. दीड फूट उंचीला हा एकूण रेटा सुमारे ९५ किलो वजनाइतका भरतो. पण हे गणित आपल्या बाजूचं आहे. पाणी निम्म्यावर आणलं की रेटा निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणून अर्धं पाणी काढलं की गळती बऱ्याचदा एकदम मंदावते. सगळ्यांना फोन करण्याआधी एवढं करावं.

नळी आधी पाण्यानं पूर्ण भरून, दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबून, एक टोक टँकमध्ये आणि दुसरं खालच्या बादलीत सोडा. तोंडानं ओढू नका. ओढणारा प्रत्येक जण “मला अंदाज आहे” म्हणतो, आणि चव मात्र प्रत्येकाला कळते.

मासे त्यांच्याच जुन्या पाण्यात ठेवा. पहिल्या दोन बादल्या त्यासाठीच आहेत. त्या झाडांना घालून टाकल्या तर माशांना नळाच्या क्लोरिनच्या पाण्यात जावं लागेल. टबमध्ये बुडबुड्यांच्या पंपाची नळी सोडा, वर जाळी टाका. गप्पी आणि मॉली उडी मारण्यात आपल्या अपेक्षेपेक्षा पुढे असतात. दोन दिवस खाणं बंद. निरोगी मोठा मासा दोन दिवस सहज उपाशी राहतो. त्याची दया येऊन चिमूटभर दाणे टाकणाऱ्या आजोबांना हे एकदा समजावून सांगा, आणि मग दाण्यांचा डबा लपवा.

फिल्टरमधला स्पंज काळाकुट्ट झालेला असेल. तो नळाखाली धरून स्वच्छ पिळण्याचा मोह प्रत्येक नीटनेटक्या घरात होतो. तो टाळा. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानानं निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात. स्पंज माशांबरोबरच टबमध्ये जाऊ द्या. टँक फुटून वाचलेले मासे पुढच्या आठवड्यात स्वच्छतेमुळे जातात, हे तसं नेहमीचंच आहे.

आणि पाणी उरलेला टँक उचलू नका. पाव भरलेलासुद्धा नाही. उचलताना पाणी एका बाजूला धावतं, काच पिळते आणि जो सांधा आतापर्यंत शहाण्यासारखा वागत होता तोही सुटतो.

पायरी चौथी: दोष निश्चित करा

नळीतून पाणी उतरायला बराच वेळ लागतो. तो वाया घालवू नये. हॉलमध्ये सगळे जमलेलेच असतात.

आई म्हणते, गळकं पाणी म्हणजे घरातली लक्ष्मी वाहून जाणं. टँक ईशान्येला ठेवायला सांगितला होता. मुलगी म्हणते, भावानं चेंडू मारला. भाऊ म्हणतो, तो मऊ चेंडू होता. कुणीतरी आठवण काढतं, की आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायचा असतो आणि काळा दिवाळीत मेला, तेव्हापासूनच हे सुरू झालं. दुकानदाराला फोन लावला तर तो सांगतो, “आमच्याकडे होता तोवर गळत नव्हता.” हे शंभर टक्के खरं असतं, त्याच्याकडे तो रिकामा होता.

घाईनं निकाल देणाऱ्यांनी बर्लिनचा दाखला लक्षात ठेवावा. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे तिथल्या एका हॉटेलच्या लॉबीतला ‘अ‍ॅक्वाडोम’ नावाचा प्रचंड दंडगोल फुटला. सुमारे १० लाख लिटर पाणी आणि त्याबरोबर दीड हजारच्या आसपास मासे बाहेर पडले. पाणी पार रस्त्यावर आलं. तज्ज्ञांनी तुकडे तपासून पुढच्या वर्षी अहवाल दिला: नेमकं कारण ठामपणे सांगता येत नाही. तुमचा मेव्हणा ते सोफ्यावरून न उठता सांगतो.

पायरी पाचवी: गळती कुठे आहे ते शोधा

पाणी जिथे टपकतं तिथे ते गळत नसतं. वरच्या कोपऱ्यातून सुटलेला ओघळ काचेच्या कडेनं खाली येतो, तळाच्या कडेनं आडवा जातो आणि तीन फूट लांब, दुसऱ्याच कोपऱ्यात ठिबकतो. आपण त्या निष्पाप कोपऱ्याला सिलिकॉन लावतो.

त्यापेक्षा असं करा. पाणी उतरताना लक्ष ठेवा. गळती उभ्या सांध्यात असेल तर पातळी भोकाच्या खाली गेली की ठिबकणं आपोआप थांबतं. तिथे पेननं खूण करा. खूण कुठेच करता आली नाही आणि शेवटच्या इंचापर्यंत ठिबकत राहिलं, तर दोष तळाच्या सांध्यात आहे. मग बाहेरून सगळ्या कडा कोरड्या पुसून टिश्यू पेपरच्या पट्ट्या लावा. पहिली ओली होणारी पट्टी जवळचा पत्ता सांगते. बोअरचं पाणी वापरत असाल तर आणखी सोपं: जड पाणी जिथून झिरपून वाळतं तिथे क्षारांची पांढरी रेघ ठेवून जातं. ती रेघ बरेच दिवस तिथे असते. आपण तिला सजावट समजत होतो.

काचेलाच चीर गेली असेल तर पुढची पायरी वगळा. चिरेवर सिलिकॉन फासणं म्हणजे केवळ तारीख पुढे ढकलणं. ती काच बदलावी लागते.

पायरी सहावी: सिलिकॉन

घरातल्या कोणत्याही गळतीवर मराठी माणसाचा पहिला हात एम-सीलकडे जातो. दोन गोळे मळायचे, बाहेरून थापायचे आणि हात धुवायचे. नळाच्या पाइपाला हे ठीक आहे. इथे ते टिकत नाही, कारण बाहेरून लावलेल्या थराला पाणी आतून ढकलून सोडवत राहतं. आतून लावलेल्या थराला तेच पाणी काचेवर दाबून धरतं. म्हणून दुरुस्ती आतून, आणि आत जायचं तर टँक पूर्ण रिकामा आणि ठणठणीत कोरडा.

आतल्या कोपऱ्यांतली जुनी सिलिकॉनची पट्टी ब्लेडनं खरवडून काढा. फक्त गळणाऱ्या जागेची नाही, शक्यतो सगळी. ताजं सिलिकॉन वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला नीट धरत नाही, आणि ठिगळाच्या दोन टोकांना पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. दोन काचांच्या मधला सांधा मात्र कोरू नका, टँक उभा आहे तो त्याच्यावर. त्या सांध्यातच बुडबुडे किंवा पांढरट फटी दिसत असतील तर टँक बनवणाऱ्याकडेच न्यावा.

अ‍ॅसिटोननं काच पुसा, खिडक्या उघड्या ठेवा, दोन्ही बाजूंना टेप लावा, सिलिकॉनची एकसंध रेघ ओढा आणि बोटानं एकाच फटकाऱ्यात गुळगुळीत करा. साय धरायच्या आत टेप काढा. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर घाबरू नका. टँकसाठीच्या नेहमीच्या सिलिकॉनला तोच वास येतो. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन मात्र वापरू नका. त्यात बुरशी मारण्यासाठी जे घातलेलं असतं ते माशांनाही सोडत नाही.

आता थांबायचं. चोवीस तासांत वरून घट्ट वाटेल, पण आतून वाळायला दोन-तीन दिवस लागतात. जाड थर असेल तर आठवडा द्या. पावसाळा आहे म्हणून खंत करू नका. हे सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊनच घट्ट होतं. जुलैच्या मुंबईत लवकर होणारं घरातलं हे कदाचित एकमेव काम असावं.

चाचणी बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये घेऊ नका. पाणी निघून जावं म्हणून तिथल्या फरशीला उतार दिलेला असतो, आणि वाकड्या जमिनीवर भरलेला टँक वाकडाच रेटला जातो. सपाट जागा शोधा, खाली रद्दी पसरा, टँक भरा आणि दोन दिवस बघत राहा. रद्दी कोरडी राहिली तर घरात आनंदोत्सव होईल, आणि कुणीतरी म्हणेल, “चला, ठेवू या परत जागेवर.”

त्या माणसाला थांबवा.

पायरी सातवी: स्टँड

लाकडी दिसणाऱ्या त्या कपाटात लाकूड आहे, पण भुश्याच्या आणि चिपांच्या रूपात. चिपा गोंदात कालवून, गरम करून दाबलेला हा बोर्ड. वर सनमायका, कडांना पातळ पट्टी. कोरडा असेपर्यंत तो वजन पेलतो. पाणी कडेनं आत शिरलं की गोंद सुटतो आणि दाबून बसवलेल्या चिपा पुन्हा आपल्या मूळ जाडीकडे निघतात. भिजवलेल्या पोह्यांसारखा बोर्ड फुगतो. फरक एवढाच, की पोहे निथळल्यावर कामाला येतात. हा वाळला तरी पुन्हा दाबला जात नाही. त्यामुळे “दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवू” ही सूचना पुढे आली तर ती टाळ्या वाजवून स्वीकारावी आणि अमलात आणू नये. एमडीएफची गोष्ट वेगळी नाही, फक्त भुसा बारीक आहे.

स्टँडनं हे आपल्यापासून कधी लपवलं नव्हतं. सगळ्यात आधी त्याचं दार अडकायला लागतं. वरची फळी मध्ये जरा वाकली किंवा बाजूची फळी खालून फुगली, की चौकटीचा कोन बिघडतो आणि दार घासतं. इथे नवशिके एक विशिष्ट चूक अत्यंत काळजीपूर्वक करतात: सुताराला बोलावतात आणि दार तासून घेतात. दार पुन्हा लागायला लागतं. सुतार त्याचे पैसे घेतो, आणि १६५ किलोंना काही सांगायचं होतं ते राहून जातं.

तपासणीची वेळ आता. साहित्यातला स्क्रूड्रायव्हर घ्या. कपाटाच्या मागच्या बाजूला, खालच्या कडांना आणि वरच्या फळीखाली टोचा. चांगल्या बोर्डात टोक अडतं. खराब बोर्डात ते आत जातं आणि आपण “अरेच्चा” म्हणतो. एखादा स्क्रू घट्ट करून बघा. तो नुसता फिरत राहिला तर त्याला धरायला आत काही उरलेलं नाही. वरच्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा आणि मधली फट बघा. मागून कुबट वास येत असेल, काळे ठिपके दिसत असतील, तर बुरशी आली. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आली आणि आता तुमचा प्रश्न या पुस्तिकेच्या कक्षेबाहेर गेला. खालच्या कडा फुगल्या आहेत आणि वर सगळं कोरडं आहे, असंही आढळेल. तो टँकचा गुन्हा नाही. कपाट जमिनीला टेकलेलं आहे आणि लादी रोज पुसली जाते.

या सगळ्याला एवढं महत्त्व का, तर गळती आणि स्टँड ही दोन वेगळी संकटं नाहीत. टँकचा तळ एकसारखा सपाट आधार मागतो. फळी मध्ये वाकली की तळाची काच वाकते, सांधे ओढले जातात, थोडं पाणी सुटतं. ते पाणी फळीतच मुरतं, फळी आणखी वाकते, सांधा आणखी सुटतो. मग आपण सांधा दुरुस्त करतो, त्याचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि टँक त्याच फळीवर परत ठेवतो. महिन्या-दोन महिन्यांनी सिलिकॉनला शिव्या देतो. टँक दुरुस्त करून जुन्या स्टँडवर ठेवणं, हा नवशिका असल्याचा सर्वमान्य पुरावा आहे.

नवा स्टँड दोन प्रकारचा चांगला. पहिला लोखंडी अँगलचा, वेल्डिंग करून घेतलेला. त्याला आधी रेड ऑक्साइड आणि मग रंग, नाहीतर तो वर्षभरात वेगळ्या रीतीनं गळायला लागतो. दुसरा प्लायचा. इथे मिस्त्री विचारेल, “साहेब, कमर्शियल चालेल ना?” नाही चालणार. साधा कमर्शियल प्लाय ओलावा थोडाफार सोसतो, बुडालेलं आयुष्य नाही. पाण्याशी रोजची गाठ असेल तिथे आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्यावा. त्याचा गोंद उकळत्या पाण्यात परीक्षा देऊन आलेला असतो. फळीवरचा शिक्का आपण स्वतः वाचावा. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि वायरसाठी पाडलेल्या भोकाला आतून रंग किंवा वॉर्निश मारून घ्यावं, कारण पाणी सनमायकातून कधीच शिरत नाही, ते नेहमी कडेनं येतं. तीन फुटांच्या फळीला मध्ये एक उभा आधार द्यावा. आणि खाली इंचभर पाय, म्हणजे मावशींचं फडकं खालून जाईल. एक्स्टेंशन बोर्ड बाजूच्या भिंतीवर, वर.

पायरी आठवी: पुन्हा भरा

रिकामा स्टँड जागेवर ठेवून पाणसळीनं लांबीत आणि रुंदीत तपासा. फरक आढळला तर पट्ट्या स्टँडच्या पायांखाली सारायच्या, टँक आणि फळी यांच्यामध्ये नाही. वर थर्मोकोलची शीट टाका. ती फळीवरचा एखादा खडा किंवा उंचवटा पोटात घेते. वाकलेली फळी सरळ करत नाही, तिच्याकडून तशी अपेक्षा करू नये.

टँक निम्मा भरा आणि थांबा. पाण्याहून चांगली पाणसळ घरात नाही. चारही कोपऱ्यांत वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. सारखं आलं तर पुढे भरा. नाही आलं तर पाणी काढून पुन्हा पट्ट्या. कंटाळा येतो, पण १२७ लिटर पाणी दहा बाय बाराच्या हॉलमध्ये पसरलं तर सगळीकडे सेंटिमीटरभर उभं राहतं. हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की कंटाळा जातो.

नवं पाणी एक दिवस उघडं ठेवलेलं किंवा अँटिक्लोरिन घातलेलं असावं. उरलेलं जुनं पाणी आणि तो काळा स्पंज परत जागेवर. मग मासे, सावकाश. ते पहिला तासभर कोपऱ्यात बसतील. बसू द्या.

शंकासमाधान

*खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला डाग पडला असेल तर?*
आपण होऊन खाली जाऊन सांगावं. आपण खाली गेलो तर चहा मिळतो. ते वर आले तर त्यांच्याबरोबर सोसायटीचे सेक्रेटरी असतात.

*फुगलेल्या जुन्या कपाटाचं काय करावं?*
दाराबाहेर ठेवून त्यात चपला ठेवाव्यात. त्याचं दार लागणार नाही, पण चपलांच्या कपाटाचं दार कुणाच्याच घरी लागत नाही.

*टँक दुसऱ्यांदा गळला तर?*
सातवी पायरी वाचली नव्हती, असं समजावं आणि ती वाचावी.

*मासे काही शिकतात का?*
जेवणाची वेळ. बाकी नाही.

*नवा स्टँड भक्कम आहे, हे टँक ठेवण्याआधी कसं ओळखावं?*
घरात टँकचा हट्ट ज्यांनी ज्यांनी धरला होता त्यांची नावं काढावीत. वजनं जुळवून १६५ किलो होतील एवढी माणसं स्टँडवर बसवावीत, दोन टोकांना दोन आणि मेव्हण्याला मधोमध, कारण फळी वाकते ती तिथे. त्यांना तिथेच चहा द्यावा आणि अर्धा तास बसवून ठेवावं. टँक वर्षानुवर्षं बसणार आहे. दरम्यान एकानं खाली बसून दार उघडझाप करत राहावं. दार घासलं तर मिस्त्रीला फोन. नाही घासलं तर स्टँड पास. मेव्हणा या काळात गळतीची कारणं सांगेल. सांगू द्यावं, पण अर्धा तास होईपर्यंत उतरू देऊ नये.